करवंद, कैरी, भोकर, रातांबा: कच्चं नि रानातलं फळ खायचं कसं, राखायचं कसं

लोणच्याची कुठलीही पाककृती उघडा. मोहरी किती, मेथी किती, तेल किती कडकडीत करायचं, सगळं चमच्याच्या मापाने दिलेलं असतं. फळाची मात्र 'एक किलो कैऱ्या घ्या' एवढ्यावर बोळवण. कुठल्या कैऱ्या? बाठा न धरलेल्या की धरलेल्या? झेल्याने उतरवलेल्या की वाऱ्याने पडलेल्या? मसाला थोडा इकडेतिकडे झाला तरी लोणचं निभावून जातं. चुकीच्या वेळी काढलेलं फळ मात्र किती मीठ ओतलं तरी बरणीत गिजगा होतं. म्हणून या लेखात मसाल्याचं बोलणं कमी आहे आणि फळाचं जास्त. कोकण आणि सह्याद्रीचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. काळ म्हणाल तर होळी उलटल्यापासून मृग लागेपर्यंतचा.

आधी ओळख, मग तोंडात

रानात फिरताना एक समजूत हमखास ऐकू येते: पाखरं खातात ते माणसाला चालतं. ही समजूत जिवावर बेतू शकते. काजऱ्याचं फळ पिकलं की लहान संत्र्यासारखं गोल, गुळगुळीत, केशरी दिसतं आणि धनेश पक्षी त्यातला गर खुशाल खातो. त्याच फळात बटणासारख्या चपट्या बिया असतात. त्यांतल्या विषाने माणसाला झटके येतात आणि श्वास बंद पडतो. काजऱ्याच्या पानावर देठापासूनच तीन ते पाच ठळक शिरा निघतात. कोकणात मुलांना रानात सोडण्याआधी हे पान एकदा दाखवून ठेवावं.

दुसरं नाव चंद्रज्योतीचं, म्हणजे मोगली एरंडाचं. कुंपणाला लावतात. बी शेंगदाण्यासारखी लागते, म्हणूनच मुलं खातात आणि तासाभरात उलट्या-जुलाब सुरू होतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या खेळायला ठीक, खायला विष. आणि गुंजेची लालकाळी बी चावून फोडायची नाही.

एक जोडी फसवी आहे: अळू आणि गेळा. इथे अळू म्हणजे फतफत्याचं नव्हे, काटेरी झाडाला लागणारं फळ. दोन्ही झाडं काटेरी, दोन्हींची फळं सुपारीएवढी किंवा जरा मोठी. गेळ्याचं फळ वांतिकारक, वैद्य त्याला मदनफळ म्हणतात. फळ फोडून पाहिलं की शंका राहत नाही. अळूत चार-पाच टणक बिया मोजून मिळतात, गेळ्यात गरात रुतलेल्या बारीक बिया भरपूर. शिवाय गेळ्याच्या टोकाला फुलाच्या पाकळीबुडाचा ठसठशीत मुकुट तसाच राहतो.

नियम साधा. जे फळ गावातलं जाणतं माणूस नावानिशी ओळखत नाही, ते खायचं नाही. फोटो काढून फोनवर नाव शोधणं हा त्याला पर्याय नाही. चुकून कुणी काही खाल्लंच, तर घरगुती उपायांनी उलटी काढत बसू नका. उरलेलं फळ आणि डहाळी पिशवीत घालून सरळ दवाखाना गाठा. डॉक्टरला त्या डहाळीचा उपयोग होतो.

आणखी एक. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात फळं तोडू नका. बाहेरच्या रानातही ठाकर, कातकरी, वारली बाया करवंदं आणि तोरणाची फळं गोळा करून घाटात नि स्टेशनाबाहेर विकतात. 2006 च्या वनहक्क कायद्याने रानातल्या असल्या गौण उपजावर त्यांचा हक्क मान्य केला आहे. पानाच्या द्रोणातली करवंदं विकत घेतलीत तर काटे टोचत नाहीत आणि ओळखीची खात्रीही मिळते. भाव करू नका. जाळीत हात घालून पाहिला की भाव का करू नये ते कळतं.

झाडाखालीच खायचं आणि घरी आणायचं

काही फळं राखायच्या फंदात पडूच नये. तोरणं त्यातलीच. पांढरी, पिठूळ, हातात घेतली की संपली. जांभूळही तसंच. पिकलेलं करवंद काळं झालं की त्याच दिवशीचं. फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ ज्याला माहीत आहे त्याला आणखी सांगायला नको.

कच्चं फळ खाताना चिकाचं भान ठेवा. कैरी देठातून तोडली की पहिल्या काही मिनिटांत येणारा चीक ओठाच्या कडेला लागला तर तिथे काळा डाग उठतो, पुढे कातडी सोलते. देठाकडची चकती कापून कैरी थोडा वेळ पाण्यात पालथी ठेवायची, मग तिखटमीठ. काजूबोंड घशाला खवखवतं, ते चिरून मिठाच्या पाण्यात बुचकळलं की बरंच निवळतं. ओल्या काजूचं साल फोडताना हाताला तेल किंवा राख लावल्याशिवाय बसू नका, त्याच्या सालातल्या तेलाने बोटं भाजतात.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी करमळ (स्टारफ्रूट) आणि बिंबल (बिलिंबी) दोन्ही टाळावीत. करमळातलं एक द्रव्य निकामी मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही आणि ते मेंदूवर जातं. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल इतकं असतं की त्याचा कोरा रस धडधाकट माणसानेही पेलाभर पिऊ नये. आमटीत दोन-चार फोडी टाकणं वेगळं. आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नका, चूळ भरा.

राखण्याचं गणित: आंबट आणि बिनआंबट

मीठ फळातलं पाणी ओढून काढतं आणि जिवाणूंना लागणारं पाणी त्यांच्या हाती लागू देत नाही. साखर तेच करते, ऊन तर पाणीच उडवून लावतं. आंबट फळाचं आम्ल या कामात भागीदार असतं, म्हणून कैरी, रातांबा (कोकमाचं फळ), करवंद थोड्या कमी मिठातही तग धरतात.

फणसाचे कच्चे गरे आंबट नसतात. इथेच नव्या लोकांची गल्लत होते. 'मीठ कमी खायचंय' म्हणून गऱ्यांचं मीठ निम्मं केलं, तर आम्लही नाही आणि मीठही नाही अशी बरणी तयार होते. त्यात वर बुरशी दिसली नाही तरी हवेवाचून वाढणारे जिवाणू विष तयार करू शकतात आणि त्या विषाचा वास येईलच असं नाही. कैरीच्या मिठाशी थोडी घासाघीस चालते. गऱ्यांच्या मिठाशी नाही. खारट लागलं तर खायच्या वेळी पाण्यात भिजवून मीठ काढायचं, भरताना कमी घालायचं नाही.

मीठ जाडं, खड्याचं. बारीक टेबल मिठात मीठ मोकळं राहावं म्हणून जे मिसळलेलं असतं त्याने खार, म्हणजे बरणीतलं मिठाचं पाणी, गढूळ होतो. भांडं चिनी मातीचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं जवळ करू नका. कोकमाचं आम्ल ॲल्युमिनियम खातं आणि रसाला धातूची चव येते.

खारातली कैरी

माझ्या मते राखणीच्या सगळ्या प्रकारांत ही सर्वांत सोपी आणि सर्वांत उपेक्षित. तेल नाही, मसाला नाही. गोव्यात हिचीच चुलत बहीण म्हणजे चेपणीची तोरां. वजनाखाली चेपून चेपून कैरी चपटी, सुरकुतलेली होते.

कैरी रायवळची, लहान, कडक, आत बाठा न धरलेली. सुरी मधोमध विनासायास गेली पाहिजे. चैत्राच्या सुरुवातीला अशी मिळते, नंतर नाही. बाठा कडक झालेली कैरी लोणच्याच्या फोडींची, पाडाला आलेली साखरांब्याची, आणि पडून मार लागलेली फक्त आंबोशीची. मार लागलेली एक कैरी खारात गेली की तिच्याभोवतीच्या चारपाच मऊ पडतात.

पहिल्या दिवशी कैऱ्या धुऊन, बोटाच्या पेराएवढा देठ राखून, सुती कापडावर सावलीत पसरा. रात्रभर तशाच. देठाच्या खाचेत पाणी राहतं, ती खाच फडक्याच्या टोकाने एकेक पुसा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढची निम्मी बुरशी याच खाचेतून येते.

दुसऱ्या दिवशी किलोभर कैऱ्यांना 200 ते 250 ग्रॅम मीठ मोजून घ्या. बरणी उन्हात कडकडीत तापवून गार केलेली असावी. तळाला मीठ, मग कैऱ्यांचा थर, पुन्हा मीठ. शेवटचा थर मिठाचा. दोन-तीन दिवस रोज बरणी हलवायची किंवा कोरड्या हाताने कैऱ्या खालीवर करायच्या. मीठ विरघळतं, कैरी आकसते, रंग पोपटीवरून शेवाळी होतो आणि खार सुटतो. अंगाचाच खार कैऱ्या बुडवण्याइतका सुटला नाही, तर पाच भाग पाण्यात एक भाग मीठ उकळून पूर्ण गार झाल्यावर वरून ओता.

मग वजन. नदीतला गुळगुळीत दगड उकळून वाळवलेला, किंवा काचेची पाण्याने भरलेली बाटली. कैरी खाराबाहेर डोकावली की बिघडली, हे वजन त्यासाठी. तोंडावर दादरा, म्हणजे फडकं, बांधा आणि बरणी अंधारात ठेवा. महिन्याने खायला येते, आषाढात खरी मुरते. एक कैरी काढायची, हाताने कुस्करायची, हिरवी मिरची नि खोबरेल तेलाचा थेंब, बरोबर गरम पेज. भाज्या महागल्या की ही बरणी घर चालवते.

वर सायीसारखा पांढरा पातळ थर आला तर घाबरायचं नाही. तो थर लाकडी चमच्याने काढून टाका, वजन पुन्हा नीट बसवा. पण काळी, हिरवी, केसाळ बुरशी धरली, किंवा कैरी दाबल्यावर लगदा झाला, तर बरणी रिकामी करा. वरचं काढून खालचं वापरायचा मोह नको.

पडक्या कैऱ्यांची आंबोशी करताना सालं काढून पातळ चकत्या पाडा, थोडं मीठ चोळा, कडक उन्हात वाळवा. वाकवल्यावर मोडली म्हणजे झाली, वाकून राहिली तर आणखी ऊन हवं. कुटून आमचूर होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ऊन मिळत नसेल तर कैरी किसून वाटीवाटीच्या पुड्या फ्रीझरमध्ये टाका. आंबेडाळ नि पन्ह्याला काही फरक पडत नाही. लोणच्याला मात्र असला कीस घेऊ नका, पाणी सोडतो.

भोकर आणि करवंद: चिकाची नि चिकट्याची फळं

भोकराचं लोणचं महाराष्ट्रभर होतं, पण बाजारात भोकरं दिसली की बरेच जण पुढे निघून जातात. कारण एकच, त्याचा चिकटा. फळ फोडलं की पारदर्शक तारा निघतात, बोटाला, सुरीला, ताटाला सगळीकडे.

भोकरं हिरवी, कडक घ्या. पिवळट झाली की चिकटा दुप्पट. धुऊन, पूर्ण कोरडी करून, देठाची टोपी काढा. एका ताटलीत मीठ आणि हळद एकत्र करा. भोकर पाट्यावर ठेवून वरवंट्याने हलका ठोका द्या. फुटलं पाहिजे, चेंदायचं नाही. फटीतून बी दिसते. आता कडुनिंबाची काडी मीठ-हळदीत बुडवून त्या फटीत घाला, बीच्या भोवती एक वळसा द्या आणि उचला. कोरडी काडी नुसती घसरते. मीठ लागलं की चिकटा आकसतो, बी काडीला धरून अलगद बाहेर येते. बी लगेच वेगळ्या भांड्यात झटका, नाहीतर तीच तार पुढच्या भोकराला धरते. दर चार-पाच फळांनी काडी पुन्हा मिठात. बिया काढलेल्या भोकरांत कैरीचा कीस आणि लोणच्याचा मसाला भरून बरणीत दाबून बसवा आणि गार केलेलं तेल वरून ओता. कैरी इथे चवीसाठी नाही. भोकराला स्वतःचा आंबटपणा नाही, तो कैरीकडून घ्यावा लागतो. म्हणून कीस सढळ हाताने.

करवंद लोणच्यासाठी हिरवं, आत बी पांढरी कोवळी असताना. लालसर झालं की चटणीला घ्या. तोडल्या तोडल्या देठातून दुधासारखा चीक येतो. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा, चीक गोठून वर येतो आणि पाणी फेकून देता येतं. हाताला आणि सुरीला तेल लावून प्रत्येकाचे दोन भाग करा, बी काढा, मीठ-हळद लावून चाळणीत रात्रभर निथळत ठेवा. पुढे कैरीसारखंच. करवंदात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे पिकलेल्यांच्या जॅममध्ये मूठभर कच्ची लाल करवंदं घातली की वेगळी पावडर न घालता जॅम घट्ट बसतो.

रातांबा: एका फळाचे चार माल

कोकमाला बरीच जागा देतो, कारण यात टाकाऊ काही नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये 'कोकण अमृता' ही जात दिली. परसातल्या जुन्या झाडांचे रातांबेही उत्तमच. मात्र मादी झाड हवं. नर झाडाला फुलं येतात, फळ येत नाही.

फळ गडद लाल, दाबल्यावर जरा लवचीक असावं. एका झाडावरची सगळी एकदम पिकत नाहीत, तीन-चार वेळा उतरवावी लागतात. वळवाच्या पावसाने भिजलेलं फळ सुकवायला घेऊ नका. सालीत पाणी मुरतं आणि रंग फिका पडतो. ते सरबताला वापरा.

रातांबे धुऊन, पुसून, मधोमध कापा. साल एकीकडे, बिया नि गर दुसरीकडे. इथून वाटा फुटतात.

आमसुलं: किलोभर गराला शंभर-दीडशे ग्रॅम मीठ लावून ठेवा. त्याचा लाल रस सुटतो. सालं पहिल्या दिवशी उन्हात घाला, संध्याकाळी त्या रसात बुडवा, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. असे चार-पाच पुट द्यायचे. दरवेळी साल जास्त काळी, जास्त मऊ आणि चकचकीत होत जाते. बाजारातली कुरकुरीत, फिकी आमसुलं एकाच पुटाची असतात, म्हणून एका आमटीला मूठभर लागतात. शेवटचं वाळवण पूर्ण कोरडं करायचं नाही, हाताला चामड्यासारखी लवचीक लागली की उचलायची. नीट केलेली आमसुलं वर्षभर तर राहतातच, दुसऱ्या वर्षी त्यांना जास्त चव येते.

आगळ: म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, सोलकढीसाठी हाच. किलो रातांब्याच्या सालींना नि गराला मिळून 150 ते 200 ग्रॅम मीठ, थराथराने बरणीत. आठवडाभर रोज लाकडी चमच्याने ढवळा. मग जाड फडक्यातून गाळून बाटलीत भरा. पिळू नका, नाहीतर तळाला गाळ बसतो. पाणी शिरलं नाही तर फ्रीजबाहेरही राहतं.

अमृत कोकम: साल एक भाग, साखर दोन भाग. बरणी सात-आठ दिवस उन्हात, रोज ढवळायची, साखर पूर्ण विरघळली पाहिजे. तळाला साखर राहिली आणि वर पातळ रस असला की फसफसतं. उरलेल्या सालींना मीठ-जिरं लावून मुलं खातात. शिजवायचं काही नाही, आच लागली की तो कोवळा लाल रंग तपकिरी होतो.

बिया: गर धुऊन काढला की कडक वाळवून डब्यात. थंडीत कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर तरंगतं आणि गार झाल्यावर थिजतं. मुठीत वळून गोळे करतात, म्हणून मुठेल. भेगाळलेल्या टाचांना यापेक्षा चांगलं मलम मी तरी वापरलेलं नाही.

फणस, थोडक्यात

कुयरी, म्हणजे कोवळा फणस, भाजीची, तिला राखायची गरज नाही. खारवायला जून पण न पिकलेला कापा फणस. आतले गरे पांढरट, कडक. गर्‍यांतली आठळी काढून किलोला 250 ते 300 ग्रॅम मीठ, वजन, दादरा, बाकी कैरीसारखं. श्रावणात भाजी करायच्या आदल्या रात्री गरे पाण्यात टाका, दोनदा पाणी बदला. आठळ्या धुऊन सावलीत वाळवून, लाल मातीत घोळवून, पुन्हा वाळवून रेतीत पुरल्या की गणपतीपर्यंत टिकतात. पिकलेला बरका (मऊ गऱ्यांचा) असेल तर पोळी, पण ते वेगळं प्रकरण.

पावसाळ्यात बरणी सांभाळताना

मृग लागायच्या आत सगळं वाळवण डब्यात गेलं पाहिजे. डबा बंद करण्याआधी वाळलेला माल रात्रभर घरात उघडा ठेवून गार होऊ द्या, गरम भरला की झाकणाला आतून पाणी सुटतं.

पाऊस सुरू झाला की पंधरवड्याला एकदा प्रत्येक बरणी पाहायची. वजन सरकलंय का, खार खाली गेलाय का, दादरा ओला झालाय का. ओला दादरा लगेच बदलायचा. खार कमी झाला तर साधं पाणी घालायचं नाही, उकळून गार केलेलं मिठाचंच पाणी. काढायला कोरडा चमचा, आणि एका वेळी आठवड्याचं लहान बाटलीत काढून घ्यायचं म्हणजे मोठी बरणी रोज उघडत नाही. रक्तदाबाच्या माणसाला खारातलं फळ द्यायचं तर ते भिजवून, आणि त्या भाजीत वरून मीठ न घालता. कैऱ्या संपल्यावर उरलेला खार फेकू नका, आमटीत चिंचेऐवजी चमचाभर घाला. पुढच्या वर्षीच्या कैऱ्यांवर मात्र तो ओतायचा नाही. कैऱ्यांनी मीठ शोषून आणि पाणी सोडून त्याची ताकद कमी केलेली असते.